तेजीच्या वर्षी करायची कामे

सांगलीच्या गणपती पेठेजवळ माझ्या एका अशिलाचे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. २००५ च्या महापुरात दुकानात जिथवर पाणी चढले होते तिथे त्यांनी भिंतीवर तेलरंगाची रेघ मारून ठेवली होती, आणि पुढची चौदा वर्षे पावसाळा तोंडावर आला की सगळा माल त्या रेघेच्या वरच्या फळ्यांवर चढवण्याची शिस्त त्यांनी एकदाही मोडली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. रेघेच्या वरच्या फळ्यांवरचा मालही भिजला. हे गृहस्थ निष्काळजी नव्हते, उलट त्या गल्लीतले सर्वांत सावध व्यापारी तेच होते. आजवर जे घडले त्याहून मोठे काही घडणार नाही, एवढे एकच गृहीत त्यांनी तपासले नव्हते.

गेली सव्वीस वर्षे मी सांगली, मिरज आणि सातारा भागातील व्यापाऱ्यांचे व छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि कर पाहतो. या काळात बंद पडलेल्या धंद्यांची जुनी ताळेबंदपत्रके जेव्हा मी पुन्हा काढून पाहिली, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत घसरणीचे मूळ मंदीच्या वर्षात सापडले नाही; ते त्याआधीच्या दोन-तीन भरभराटीच्या वर्षांत सापडले. मंदीत माणूस आपोआप जागा होतो, पण तेव्हा हातात पैसा नसतो, बँक कर्ज देताना हात आखडते आणि चांगले कामगार दुसरीकडे जायला निघालेले असतात. बदलासाठी जे जे लागते ते सगळे तेजीच्या वर्षी जवळ असते, आणि नेमके तेव्हाच बदल करावासा वाटत नाही. म्हणून पुढील कामे ज्यांचे चांगले चालले आहे त्यांच्यासाठी सांगत आहे. अडचणीत सापडलेल्या धंद्याचे उपचार वेगळे असतात.

नफ्याची फोड करणे

पहिले काम मार्चअखेरचा हिशेब हातात आला की लगेच करावे. नफ्याचा एकूण आकडा बाजूला ठेवावा आणि त्यातील किती नफा बाजारभावाने दिला व किती आपल्या कामाने मिळवला, हे वेगळे काढावे. हळदीच्या व्यापाऱ्यांना याची गरज सर्वांत जास्त आहे. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचे भाव काही महिन्यांत जवळजवळ दुप्पट झाले, आणि ज्यांच्या गोदामात जुना माल होता त्या सर्वांचे ते वर्ष उत्तम गेले, मग त्यांनी त्या वर्षी काही केले असो वा नसो.

समजा, वर्षाच्या सुरुवातीला एखाद्याकडे ४०० क्विंटल हळद ७,५०० रुपये भावाने शिल्लक होती आणि ती सरासरी १२,००० रुपयांनी विकली गेली. क्विंटलमागे ४,५०० रुपये, म्हणजे १८ लाख रुपये केवळ भाववाढीने दिले. वर्षाचा ढोबळ नफा २४ लाख असेल, तर अडत, प्रतवारी, पॉलिश, पुढच्या बाजारपेठांना केलेला पुरवठा या सगळ्या उद्योगाने मिळवलेला नफा फक्त ६ लाख उरतो. आदल्या साध्या वर्षी याच कामातून ९ लाख मिळाले असतील, तर घरात पेढे वाटले जात असतानाच मूळ धंदा एक तृतीयांशाने आटलेला असतो. हा आकडा नफा-तोटा पत्रकात कुठेही छापून येत नाही. तो स्वतः काढावा लागतो. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. मागच्या पाच वर्षांसाठी हीच फोड करून आकडे एकाखाली एक लिहिले, की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप उभे राहतात.

फोड करताना उधारीही तपासावी. वर्षअखेरच्या येणे बाकीला, म्हणजे गिऱ्हाइकांकडून अजून यायच्या रकमेला, वर्षाच्या उधार विक्रीने भागून ३६५ ने गुणले की वसुलीला सरासरी किती दिवस लागतात ते कळते. विक्री वाढत असेल आणि हे दिवस ४० वरून ७० वर गेले असतील, तर ती वाढ आपण आपल्याच भांडवलाने विकत घेतलेली आहे. ज्या कारखानदारांची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे, त्यांनी हेही लक्षात ठेवावे की लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत त्यांचे पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, त्या खर्चाची आयकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मागणी करताना हे नम्रपणे सांगता येते. निव्वळ व्यापार करणाऱ्यांना मात्र या तरतुदीचा आधार नाही.

न भांडता कमी झालेले गिऱ्हाईक

भांडून गेलेले गिऱ्हाईक सर्वांच्या लक्षात राहते. धोका त्याच्यात नसतो. जे अजून येते, हसून बोलते, दिवाळीला मिठाई पाठवते, पण पूर्वी महिन्याला वीस पोती घेत असे आणि आता बारा घेते, ते गिऱ्हाईक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कारण त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी भरलेली असते आणि एकूण विक्री तेवढीच दिसते. यासाठी गेल्या तीन वर्षांतील प्रत्येक पार्टीची खरेदी नगांत किंवा वजनात मांडावी. रुपयांत मांडू नये, रुपये भाववाढ लपवतात. ज्यांची खरेदी सलग दोन वर्षे घटली आहे त्यांची नावे वेगळी काढावीत आणि मालकाने स्वतः, शक्यतो त्यांच्या दुकानात जाऊन, त्यांना भेटावे.

भेटीत प्रश्न कसा विचारावा याला फार महत्त्व आहे. आपल्या भागात ज्याच्या हातचा चहा घेतला त्याला तोंडावर वाईट सांगण्याची पद्धत नाही. ‘आमचा माल कसा वाटतो?’ असे विचारले तर ‘झकास आहे की’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी ‘आमच्याकडून जे घेत नाही ते सध्या कुठून घेता?’ असे विचारावे. या प्रश्नात तक्रार करायला सांगितलेले नसते, म्हणून माणूस मोकळेपणाने सांगतो, आणि त्या एका उत्तरातून भाव, पोहोच, पॅकिंग, बिल वेळेवर न मिळणे यांपैकी नेमके काय कमी पडते ते कळते. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला अशाच भेटीत कळले की त्यांचा परराज्यातला जुना खरेदीदार आता प्रत्येक खोक्याचा फोटो आणि वजन मोबाईलवर पाहिल्याशिवाय सौदा करत नाही, आणि ही सोय न देणारे म्हणून यांचे नाव त्याच्या यादीत खाली गेले होते. मालाची प्रत जशीच्या तशी होती.

कारखान्यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्याही पुढे, गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकापर्यंत जावे लागते. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांना मी एकच साधे काम सांगतो. आपल्याकडील प्रत्येक ड्रॉइंग समोर घ्यावे आणि विचारावे, गाडीत इंजिन नसेल, म्हणजे ती विजेवर चालत असेल, तर हा भाग लागेल का? पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, इंधनाच्या नळ्या यांच्याशी संबंधित भाग एका बाजूला, आणि ब्रेक, चाके, सस्पेन्शन, बिजागऱ्या यांच्याशी संबंधित भाग दुसऱ्या बाजूला ठेवावेत. मग पहिल्या बाजूचा उलाढालीतील हिस्सा काढावा. तो ६० टक्के निघाला म्हणून उद्या कारखाना बंद पडत नाही. पण पुढचे यंत्र घ्यायचे ते केवळ त्याच भागांसाठी सात वर्षांचे कर्ज काढून घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलते. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीची भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली, ती काही एका रात्रीत आली नव्हती. चार वर्षे आधी जाहीर झाली होती. शेतीपंपांचे भाग करणाऱ्यांनी सौर पंपांच्या सरकारी योजनांकडे याच दृष्टीने पाहावे.

आधी कळलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष कसे होते, हे मी माझ्यावरून सांगू शकतो. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०१६ मध्ये झाली आणि कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. मला दहा महिने मिळाले होते. त्या वेळी माझे कार्यालय व्हॅटच्या, म्हणजे तोवरच्या विक्रीवरील कराच्या, कामाने भरलेले होते, दोन सहायक रात्री आठपर्यंत बसत, आणि काम इतके आहे याचाच अर्थ सगळे ठीक आहे, असे मी मानले. जुलैनंतर अनेक जुने अशील एका तरुण सल्लागाराकडे गेले, कारण त्याने ते दहा महिने शिकण्यात आणि प्रत्येक व्यापाऱ्याला आधीच भेटून समजावण्यात घालवले होते. त्यांतले काही परत आले, बरेचसे आले नाहीत. भरलेले कार्यालय हे आदल्या काळातील कामाचे फळ असते, येणाऱ्या काळाची हमी नसते, हे मला तेव्हा महागात कळले आणि म्हणूनच हे सगळे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

काय ठेवायचे आणि काय सोडायचे

बदल करायचा म्हणजे सगळेच मोडायचे, असा समज करून घेऊ नये. धंद्यात दोन प्रकारच्या जुन्या गोष्टी असतात. काहींमुळे गिऱ्हाईक आपल्याकडे येते आणि काही केवळ सवयीने चाललेल्या असतात. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात खवा खरपूस भाजण्याची पद्धत पहिल्या प्रकारात मोडते, कारण चव आणि टिकाऊपणा त्यातूनच येतो. तिला हात लावला तर नावच गेले. खोक्याचा आकार, दुकानाच्या वेळा, पैसे घेण्याची रीत या दुसऱ्या प्रकारातील गोष्टी आहेत. अडत दुकानात वजनातील चोखपणा आणि दिलेला शब्द पहिल्या प्रकारात येतो, लाल कापडी खातेवही दुसऱ्या. अनेक घरांत मी याच्या नेमके उलटे पाहिले आहे: खातेवही श्रद्धेने जपली जाते आणि वजनाकडे हळूहळू दुर्लक्ष होऊ लागते.

मिरजेचे उदाहरण यासाठी मला सर्वांत मोलाचे वाटते. तिथले सतार आणि तंबोरे घडवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडवणारे व त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा ओसरल्या आणि शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा हातातील बारीक कारागिरी तशीच ठेवून त्यांनी वस्तू बदलली. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या काळी या लोकांनी आपली ओळख ‘आम्ही तलवार करतो’ अशी धरून ठेवली असती, तर हे घडले नसते. आपल्या धंद्याचे वर्णन वस्तूचे नाव न घेता एका वाक्यात लिहून पाहावे. हा अभ्यास वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे, आणि लिहिता आले नाही तर आपले खरे कसब कोणते याचा विचार अजून व्हायचा आहे, असे समजावे.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळाले नाही. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर कारखाना उभा राहिला. ही चिकाटीची कथा आपल्याकडे शाळेतही सांगितली जाते. मला मात्र त्यापुढचा भाग अधिक शिकण्याजोगा वाटतो: नांगराचे नाव गावोगाव पोहोचलेले असताना तिथे इतर यंत्रांवर काम चालूच राहिले आणि १९२६ मध्ये पंप तयार झाला. शेतकऱ्याची पुढची गरज पाण्याची आहे, हे नांगर खपत असतानाच ओळखले गेले.

मर्यादा ठरवून केलेला प्रयोग

विचार पटूनही बहुतेक मालक थांबतात ते दोन कारणांनी: पैसा कुठून आणायचा आणि अंगाशी आले तर काय. दोन्हींवर उपाय हिशेबाचाच आहे. चांगल्या वर्षाच्या निव्वळ नफ्यातील पाच ते दहा टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात काढून ठेवावी आणि ती फक्त नवे काही करून पाहण्यासाठी वापरावी. हा माझ्या अनुभवातील अंदाज आहे, कायदा नव्हे. पण रक्कम इतकी असावी की पूर्ण बुडाली तरी कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता यांना धक्का लागणार नाही. मुदत ठेवीत अडकलेला किंवा जमिनीत घातलेला पैसा यासाठी धरू नये, कारण वेळेवर तो सुटत नाही.

प्रयोग सुरू करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: जास्तीत जास्त किती खर्च करणार, किती महिने पाहणार, काय दिसले तर पुढे नेणार, आणि कोण सांभाळणार. सुरू केल्यानंतर हे ठरवता येत नाही, कारण तोपर्यंत जीव गुंतलेला असतो आणि प्रतिष्ठाही आड येते.

साताऱ्यातील एका मिठाई विक्रेत्याच्या बाबतीत हे कसे झाले ते सांगतो. एसटी स्थानकाजवळचे त्यांचे दुकान तीन पिढ्यांचे, पण स्वतःच्या गाडीने पुण्या-कोल्हापूरकडे जाणारा प्रवासी महामार्गावरूनच पुढे निघून जातो, शहरात वळत नाही, हे त्यांच्या मुलीने रविवारच्या विक्रीचे आकडे मांडून दाखवले. महामार्गालगत गाळा विकत घ्यावा असा त्यांचा विचार होता. त्याऐवजी अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर छोटा गाळा घेतला आणि कागदावर लिहिले: खर्च तीन लाख, मुदत अकरा महिने, रोजची सरासरी विक्री १५ किलोंच्या वर गेली तर पुढे, सांभाळणार मुलगी. सरासरी ११ किलोंवर थांबली. शनिवार-रविवारची गर्दी पाहून मालकांना आणखी सहा महिने द्यावेसे वाटत होते. मुलीने कागद समोर ठेवला आणि गाळा सोडला. परंतु त्या अकरा महिन्यांत तिला दिसले की गाडीतून उतरणारा माणूस अर्धा किलो सुटे पेढे घेत नाही, पाव किलोचे बंद आणि तारीख छापलेले दोन-तीन खोके घेतो. ते खोके मूळ दुकानात आणि शहरातील दोन हॉटेलांत सुरू झाले, आणि आज त्यांच्या विक्रीचा लक्षणीय भाग तेच आहेत. गाळा विकत घेतला असता, तर ही माहिती मिळूनही ती वापरायला भांडवल उरले नसते.

गादीवर बसलेल्याला कोण सांगणार

धंदा नावारूपाला आला की मालकाच्या कानावर येणाऱ्या गोष्टी गाळून येऊ लागतात. मुनीम जपून बोलतो, कामगार बोलत नाहीत, आणि घरातील तरुण पिढीने काही सुचवले तर ‘तुला अजून बाजार कळायचा आहे’ असे उत्तर ठरलेले असते. एका अडत दुकानात मी स्वतः ऐकले, मुलगा म्हणाला, “अण्णा, तीन वर्षे मी फक्त संगणकावर बिले काढतोय. एखादे गाव पूर्ण माझ्याकडे द्या, बुडाले तर माझ्या वाटणीत धरा.” अण्णांनी दिले नाही, मुलगा पुण्याला नोकरीला गेला. त्या घराला तोटा किती झाला याचा आकडा मी कधी काढू शकलो नाही.

मुलाला, सुनेला किंवा विश्वासू मुनिमाला नुसते ‘लक्ष ठेव’ असे सांगून काही साधत नाही. एक मालप्रकार किंवा एक भाग, त्याची खरेदी, विक्री, उधारी आणि नफा-तोटा यांसह पूर्ण त्यांच्या हाती द्यावा, आणि वर्षभर त्यात बोट घालू नये. याशिवाय महिन्यातून एकदा टेम्पोचा चालक आणि हमाल यांच्याशी वेगळे बसून बोलावे. दुसऱ्याच्या गोदामात माल किती वेगाने उतरतो, कुणाकडे नवा काटा आला, कुणाचे गिऱ्हाईक कुठे वळले, हे सर्वांत आधी त्यांना माहीत असते. त्यांनी वाईट बातमी आणली तर त्या दिवशी त्यांच्यावर चिडू नये, कारण एकदा चिडले की पुढची बातमी येत नाही.

या सर्व कामांना तारखा ठरवून घ्याव्यात, नाहीतर हंगामात ती मागे पडतात. नफ्याची फोड आणि गिऱ्हाइकांची यादी एप्रिल-मे महिन्यांत, मार्चअखेरचा हिशेब ताजा असताना करावी. गिऱ्हाइकांच्या भेटी जूनच्या आत उरकाव्यात. पूर येण्याजोग्या भागात दुकान असेल तर विम्याची रक्कम आजच्या शिल्लक मालाच्या किमतीशी जुळते का आणि हिशेबाची प्रत दुकानाबाहेर, शक्यतो गावाबाहेर, ठेवली आहे का, हे मे महिन्यातच पाहावे. दिवाळी पाडव्याला वहीपूजनासाठी सगळे घर दुकानात जमलेले असते. त्या दिवशी चालू प्रयोगाचा कागद सर्वांसमोर वाचावा, आणि ठरलेली मुदत संपली असेल व ठरलेले दिसले नसेल तर तिथेच तो बंद करून, उरलेली रक्कम त्याच खात्यात परत टाकून, पुढच्या प्रयोगाचे नाव नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.